'महल' पुन्हा पाहताना: घर सुटलं तिथे सिनेमा सुटला

१९४९ सालचा 'महल' पाहायला बसणाऱ्याला दोन गोष्टी आधीपासून ठाऊक असतात. एक 'आयेगा आनेवाला' आणि दुसरी मधुबाला. म्हणून बहुतेक जण गाणं येईपर्यंत डोळे लावून बसतात, गाण्यानंतर अर्धा-पाऊण तास नेटाने काढतात आणि मग हात हळूच मोबाइलकडे जातो. दोष त्यांचा नाही. चित्रपट तिथे कुठेतरी खरोखरच हातातून निसटतो.

नेहमीची तक्रार अशी असते की, "शेवटी भूत नव्हतंच, माळ्याची मुलगी निघाली, सगळा विरस झाला." ही तक्रार मला पटत नाही. भूत खोटं निघाल्याने 'महल' बिघडत नाही. तो बिघडतो घर सोडल्याने. दिग्दर्शक कमाल अमरोहींनी आणि कॅमेरामन योसेफ विर्शिंग यांनी पहिल्या भागात एक यंत्र उभं केलं. त्या यंत्राचे भाग म्हणजे एक हवेली, एक घड्याळ, एक आवाज आणि ठरावीक दिशेने येणारा उजेड. मध्यावर पटकथा हे यंत्र तिथेच टाकून डोंगरात निघून जाते आणि पुढे सगळं काम तोंडी संवादांवर येऊन पडतं. ते नीट पाहायचं तर कथा फोडावी लागेल. पंचाहत्तर वर्षं उलटल्यावर रहस्य जपण्यात फारसा अर्थही नाही.

कथा थोडक्यात. इलाहाबादजवळ नदीकाठी एक ओसाड हवेली. ती लिलावात विकली जाते आणि नवा मालक हरीशंकर (अशोककुमार) वादळी रात्री तिथे राहायला येतो. म्हातारा माळी त्याला जुनी हकिकत सांगतो. ज्याने ही हवेली बांधली तो रोज मध्यरात्री होडीने येई, प्रेयसी कामिनीला भेटे आणि पहाटेआधी परत जाई. एका रात्री होडी बुडाली. बुडता बुडता त्याने परत येण्याचं वचन दिलं. पुढे कामिनीही त्याच पाण्यात गेली. मग हरीशंकरला भिंतीवर त्या मृत माणसाची तसबीर दिसते, आणि तसबिरीतला चेहरा त्याचा स्वतःचाच असतो. घड्याळात दोनचे ठोके पडतात आणि कुठून तरी बाईचा गाण्याचा आवाज येऊ लागतो.

एवढंच भांडवल. पण ते वापरलंय कसं, ते पाहा.

आधी उजेडाबद्दल. काळोख चित्रित करायलाही उजेडच लागतो, आणि त्या काळात तर भरपूर लागायचा. तेव्हाची कृष्णधवल फिल्म आजच्या कॅमेऱ्यांच्या मानाने फारच मंद. कंदिलाच्या ज्योतीने तिच्यावर ज्योतीपुरता ठिपका उमटेल, आसपासची भिंत काळीच राहील. तेव्हा माळ्याच्या हातातला कंदील पुढे सरकताना भोवतालचं जे उजळलेलं दिसतं, ते कंदिलाचं काम नव्हे. फ्रेमबाहेर लपवलेला मोठा दिवा ते करतो. युक्तीचं मर्म एकच की ज्योत जिकडे दिसते तिकडूनच उजेड आल्यासारखा वाटला पाहिजे. दिशा पंधरा-वीस अंशांनी जरी चुकली तरी प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण "हे खोटं आहे" एवढं कळतं. पुढच्या काळातल्या कितीतरी स्वस्त भयपटांत हातातली मेणबत्ती डावीकडे आणि नाकाची सावलीही डावीकडेच पडलेली दिसते. तिथे भीती संपते आणि हसू येतं.

विर्शिंग मूळचे म्युनिकचे. १९२५च्या 'प्रेम संन्यास'च्या वेळी ते भारतात आले आणि १९३४मध्ये हिमांशू रायांनी मालाडला बॉम्बे टॉकीज सुरू केल्यावर दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्याबरोबर तिथल्या पहिल्या फळीत होते. 'अछूत कन्या' (१९३६) त्यांचाच. युद्ध सुरू झाल्यावर जर्मन म्हणून ब्रिटिशांनी त्यांना स्थानबद्ध केलं. सुटल्यावर ते परत कॅमेऱ्यामागे आले आणि 'महल' केला. कुणीही 'महल'बद्दल लिहिताना 'जर्मन अभिव्यक्तिवाद' हे दोन शब्द टाकून मोकळं होतं. ते अर्धवट आहे. विर्शिंग तयार झाले ते म्युनिकच्या एमेल्का स्टुडिओत. वाकड्यातिकड्या भिंती आणि रंगवलेल्या सावल्या हे बर्लिनच्या ज्या चित्रपटांनी प्रसिद्ध केलं, ते इथे औषधालाही नाही. 'महल'मधल्या भिंती सरळ आहेत, कमानी जागच्या जागी आहेत. वाकडा असतो तो फक्त उजेड.

त्यांची फ्रेम साधारण तीन थरांत बसते. कॅमेऱ्याजवळ काहीतरी काळं, म्हणजे खांब, कमान, झुंबर किंवा पडद्याची कड. मधल्या थरात माणूस, एका बाजूने आणि मागून उजळलेला. अगदी मागे करडी भिंत किंवा धूसर बाग. जवळ काळं, मध्ये उजळ, लांब करडं. या क्रमामुळे नजर आपोआप आत ओढली जाते आणि दर वेळी वाटतं की आपण कुठल्यातरी आडोशाला उभं राहून पाहतो आहोत. हरीशंकरही चित्रपटभर तेच करत असतो, आडोशाने पाहत असतो. प्रेक्षकाला नायकाच्या वेडात सामील करून घेण्याचं काम संवादांच्या आधी ही मांडणी करते.

लघुपट करणाऱ्यांना ही नक्कल करायची असते आणि ती हमखास फसते, म्हणून थोडा हिशेब. जाळीची किंवा कमानीची कडक सावली भिंतीवर हवी असेल तर दिव्याचं तोंड लहान असावं लागतं, दिवा लांब लागतो आणि जाळी भिंतीजवळ लागते. सावलीची कड किती पुसट होईल याचं साधं गणित आहे: दिव्याच्या तोंडाची रुंदी, गुणिले जाळी ते भिंत अंतर, भागिले दिवा ते जाळी अंतर. १५ सेंटिमीटर तोंडाचा फ्रेनेल (पुढे भिंग असलेला) दिवा जाळीपासून ४ मीटरवर आणि जाळी भिंतीपासून अर्ध्या मीटरवर ठेवली, तर कड सुमारे २ सेंटिमीटर पुसट येते. १० सेंटिमीटरच्या छिद्रांची जाळी असेल तर नक्षी स्पष्ट दिसेल. त्याच जागी ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाआडचा मऊ दिवा, लावला की पुसटपणा साडेसात सेंटिमीटरवर जातो आणि भिंतीवर नक्षीऐवजी डाग उरतात. मग लोक दिवा आणखी जवळ आणतात, की उजेड वाढेल. त्याने डाग आणखी पसरतो.

दुसरी चूक म्हणजे काळोख हवा म्हणून सगळा शॉटच कमी उजेडात घेणं. डिजिटल कॅमेऱ्यात त्याचा परिणाम म्हणजे सावल्यांत वळवळणारा दाणा. उजळ भाग व्यवस्थित उजळवा आणि सावलीच्या बाजूला त्यापेक्षा तीन स्टॉप कमी, म्हणजे आठास एक, एवढाच उजेड ठेवा. उरलेला काळोख नंतर रंगदुरुस्तीत उतरवता येतो. 'महल'च्या चांगल्या दृश्यांत अशोककुमारच्या चेहऱ्याची अंधारी बाजू पूर्ण बुडालेली नसते, तिथे डोळ्यापुरता उजेड राहतो. डोळा हरवला की पात्र हरवतं.

मधुबालाचा हिशेब मात्र वेगळा. चित्रीकरणाच्या सुमारास ती पंधरा-सोळा वर्षांची होती, आणि अशोककुमार अडतिसाच्या आसपास. हे वयातलं अंतर आज खटकतं आणि खटकायलाच हवं. पण पडद्यावर तिला ज्या पद्धतीने उशिरा येऊ दिलं आहे, ते शिकण्यासारखं आहे. आधी नुसता आवाज. मग लांबवर झोपाळ्यावर बसलेली आकृती. मग नदीवर होडी. चेहरा नीट मिळतो तो बऱ्याच उशिरा, आणि मिळतो तेव्हा त्याच्यावरचा उजेड हरीशंकरवर पडतो तसा कडक नसतो. समोरून मऊ, मागून केसांना कड. एकाच चित्रपटात, अनेकदा एकाच दृश्यात, दोघांना दोन वेगळ्या जगांतला उजेड दिलाय. तो माणसांच्या जगातला, ती दुसऱ्या कुठल्यातरी. पुढे ती हाडामांसाची निघाल्यावर तिच्यावरचा उजेडही माणसासारखा व्हायला हवा होता. तिथे मात्र तो बदल जाणवण्याइतका येत नाही. नटीला सुंदर दाखवण्याची सवय कथेवर मात करून गेली.

आता आवाज. 'महल'चं खरं वैभव माझ्या मते इथे आहे.

बॉम्बे टॉकीजची धुरा तेव्हा अशोककुमार आणि सावक वाच्छा यांच्याकडे होती, आणि वाच्छा मूळचे ध्वनिमुद्रक. संगीत खेमचंद प्रकाश यांचं, शब्द नक्शब जारचवी यांचे. गाण्याच्या सुरुवातीला तालाशिवाय म्हटलेल्या ओळी येतात. त्या लांबून, भिंतींमधून वाट काढत आल्यासारख्या ऐकू येतात आणि हळूहळू जवळ येतात. लताबाईंनी हे कसं केलं ते मुलाखतींतून सांगितलं आहे. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला होता, त्या कोपऱ्यातून गात गात चालत आल्या आणि मुखडा सुरू होताना मायक्रोफोनशी पोहोचल्या.

आजचा कुणीही म्हणेल, कशाला एवढा खटाटोप? यंत्रावरची आवाज लहान-मोठा करणारी पट्टी खाली ठेवून वर सरकवली की झालं. होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. खोलीत आपल्या कानावर दोन गोष्टी येतात: गाणाऱ्याकडून सरळ येणारा आवाज आणि भिंतींवर आपटून येणारा घुमारा. गाणारा दुप्पट लांब गेला की सरळ आवाज ६ डेसिबलने उतरतो. घुमारा मात्र खोलीभर जवळजवळ सारखाच असतो. म्हणजे लांब गेल्यावर आवाज नुसता लहान होत नाही, त्याचं मिश्रण बदलतं. सरळ कमी आणि घुमारा जास्त होतो. उदाहरणार्थ, ६ मीटरवरून अर्ध्या मीटरवर चालत आलं तर सरळ आवाज सुमारे २२ डेसिबलने चढतो आणि घुमारा होता तिथेच राहतो. कानाला 'अंतर' कळतं ते या बदलत्या प्रमाणावरून. नुसती पट्टी खाली केली तर बाई जवळच उभी राहून हळू गातेय असं वाटतं. भुताला ते चालत नाही.

करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी: पायात काही घालू नका, कारण पाऊल वाजलं की सगळं गेलं. श्वास पावलांच्या मध्ये घ्या. खोली अगदी उघडी नको आणि गाद्या-पडद्यांनी भरलेलीही नको. भरलेल्या खोलीत घुमाराच नसतो, मग चालून उपयोग काय? शेवटच्या मीटरभरात आवाज झपाट्याने चढतो, कारण अर्धं अंतर कापलं की ६ डेसिबल हा नियम तिथे दर पावलाला लागू होतो. तिथे गाणाऱ्याने स्वतःहून आवाज आवरायला हवा, नाहीतर मुखड्याचा पहिला शब्द फुटतो. आज दोन मायक्रोफोन लावून, एक तोंडाशी आणि एक चार-पाच मीटरवर, नंतर एकातून दुसऱ्यात सरकता येतं आणि ते बऱ्यापैकी जमतं. पण अशा जोडणीत चालण्याची लय येत नाही, आणि मूळ ध्वनिमुद्रणात ती लय आहे.

याच कारणासाठी 'स्वच्छ केलेल्या' आवृत्त्यांपासून सावध राहा. खरखर काढणारी सॉफ्टवेअर खरखरीबरोबर घुमाऱ्याची शेपटीही खातात. वर आवाज सपाट करणारा कॉम्प्रेसर लावला की सुरुवातीच्या लांबच्या ओळी आणि नंतरचा मुखडा एकाच अंतरावर येऊन बसतात. गाणं स्वच्छ होतं आणि भूत पळून जातं. खरखरीची जुनी प्रत मिळाली तर ती ऐका, हेडफोनवर, पहिली दोन मिनिटं तरी.

तबकडीची गोष्ट सर्वांना माहीत असते, तरी सांगायला हवी. त्या काळच्या तबकड्यांवर अनेकदा पात्राचं नाव छापलं जाई आणि या गाण्यावर 'कामिनी' असं नाव होतं. रेडिओवर ऐकून लोक विचारू लागले की ही कामिनी कोण, आणि मग लताबाईंचं नाव पुढे आलं. थोडं थांबून विचार केला तर यात गंमत आहे. पडद्यावर एक जिवंत मुलगी मेलेल्या बाईचं नाव लावून गाते आणि माणसं तिला भूत समजतात. पडद्याबाहेर तशीच एक जिवंत मुलगी त्याच नावाच्या आड गात होती.

बाकीची गाणी उतरती आहेत असं म्हणणार नाही. 'मुश्किल है बहुत मुश्किल' आहे. राजकुमारींचं 'घबरा के जो हम सर को टकराएँ' तर जिवाला घोर लावतं आणि ते 'आयेगा'च्या सावलीत गेलं हा त्या गाण्यावर अन्यायच. पण चित्रपटाच्या यंत्रात बसलेलं गाणं एकच. इतर गाणी कथा थांबवून येतात.

आणि घड्याळ. दोनचे ठोके पडले की काहीतरी होणार, हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पाडण्यात आलं आहे. ठोके, शांतता, मग आवाज. एकदा ही साखळी बसली की पुढे भूत दाखवायची गरज राहत नाही, नुसते ठोके पुरतात. लग्नाच्या रात्रीही हरीशंकरला कामिनीकडे खेचायला तेवढंच पुरतं.

इथवर सगळं ठीक. मग पटकथेला भीती वाटते की एकाच घरात कथा कुंठेल.

हरीशंकरचं रंजनाशी (विजयालक्ष्मी) लग्न होतं आणि कामिनीपासून दूर जायचं म्हणून तो बायकोला घेऊन कुठल्यातरी डोंगराळ, निर्जन मुलखात जातो. तिथे मोडकी झोपडी आहे, वटवाघळं आहेत, साप आहे, आदिवासींचा नाच आहे. कागदावर हे हवेलीपेक्षा जास्त भीतिदायक वाटत असणार. पडद्यावर ते जत्रेतल्या देखाव्यासारखं दिसतं. हवेलीत भीती होती ती कमानी रिकाम्या होत्या म्हणून. इथे सगळं भरलेलं आहे. दर फ्रेममध्ये भीतीची एक वस्तू ठेवली आहे आणि कॅमेरा ती बोट दाखवल्यासारखी दाखवतो. तीन थरांची मांडणी मोडते, घड्याळ मागे राहतं आणि आवाज यायला भिंतीच उरत नाहीत. उघड्यावर घुमारा कुठला? त्यात आदिवासींना 'भीषण' म्हणून वापरण्याची त्या काळची वाईट खोड आहेच. ती आज बघवत नाही.

तरी याच भागात चित्रपटातलं सगळ्यात खरं पात्र आहे, आणि ते म्हणजे रंजना. नवरा समोर असूनही तिच्याकडे पाहत नाही, रात्री उठून कुठेतरी शून्यात नजर लावतो आणि कारण सांगत नाही. भूत कुणाला छळतंय असं विचारलं तर उत्तर हरीशंकर नाही, ती आहे. ती विष घेते आणि मरण्याआधी पोलिसांपुढे नवऱ्याने मारल्याचा आरोप करते. या एका कृतीत इतका साठलेला संताप आहे की तिथून वेगळाच चित्रपट सुरू होऊ शकला असता. अमरोहींना मात्र तिच्यात रस नाही. ती कथानक कोर्टात नेण्याचं साधन आहे, आणि कोर्टात गेल्यावर तिला विसरलं जातं.

कोर्टाचं दृश्य हा दुसरा खड्डा. कामिनी म्हणजे माळ्याची मुलगी आशा, हे तिथे उघड होतं. लहानपणापासून ती हवेलीची गोष्ट ऐकत वाढली, त्या गोष्टीतल्या कामिनीत स्वतःला पाहू लागली आणि तसबिरीतला चेहरा घेऊन माणूस दारात आल्यावर तिने कामिनी व्हायचं ठरवलं. मानसशास्त्र म्हणून हे उत्तम आहे. दोन माणसं एकाच जुन्या गोष्टीने झपाटलेली, आणि दोघंही एकमेकांकडे नव्हे तर त्या गोष्टीकडे पाहत असतात. पण हे सगळं आशा उभी राहून सांगते, आणि आपण बसून ऐकतो. ज्या चित्रपटाने माळ्याची हकिकत सोडली तर तासभर एकही गोष्ट सांगितली नाही, फक्त दाखवली आणि ऐकवली, तो ऐन वेळी साक्ष नोंदवतो.

अमरोही मूळचे लेखक. 'पुकार' (१९३९) त्यांचाच. त्यांच्या घोटीव उर्दूत वळणदार वाक्यं येतात. हवेलीत ही भाषा मंत्रासारखी चालते, कारण तिथे सगळेच अर्धवट स्वप्नात आहेत. कोर्टात वकील, न्यायाधीश, आरोपी सगळेच त्याच भाषेत बोलू लागले की भाषा पात्रांची राहत नाही, लेखकाची होते. त्यात एकटा हरीशंकरचा मित्र श्रीनाथ जमिनीवर पाय ठेवून वावरतो. तो कनू रॉय यांनी केला आहे.

उकल झाल्यावर तरी थांबायला हवं होतं. पण मग फाशीची शिक्षा, मित्राने आशाशी लग्न करावं म्हणून हरीशंकरची गळ, रंजनाचं उशिरा हाती लागणारं पत्र, सुटका आणि शेवटी मृत्यू. एवढं सगळं शेपटाला. प्रत्येक वळण एकेकटं समजून घेता येतं, पण सगळी एकावर एक आली की प्रेक्षक हिशेब लावायचं सोडून देतो.

दुरुस्ती सुचवायचा मोह आवरत नाही. डोंगराचा भाग पूर्ण कापून हरीशंकर-रंजनाचा संसार त्याच हवेलीत ठेवला असता तर? मग रंजनालाही दोनचे ठोके ऐकू आले असते. तिलाही गाणं ऐकू आलं असतं. तिने उठून शोध घेतला असता आणि आशाला गाताना पकडलं असतं ते तिने, कोर्टाने नव्हे. उकल त्याच उजेडात, त्याच जिन्यांत झाली असती. कागदावर हे सोपं आहे. पंधरा वर्षांनी 'वो कौन थी?'ने (१९६४) भुताळ बाई थेट नायकाच्या घरात आणून बसवली. भुताचा खुलासा तिथेही लंगडाच आहे, जुळ्या बहिणींचा. पण घर हातचं सोडलं नाही, म्हणून तो चित्रपट शेवटपर्यंत धरून ठेवतो.

पांढऱ्या साडीतली बाई, रात्रीचं गाणं, मागे धावणारा नायक, शेवटी माणसाचंच कारस्थान. हा साचा 'बीस साल बाद' (१९६२) पासून कितीतरी ठिकाणी वापरला गेला. पुनर्जन्म खरा मानून त्याच्यापुढे जाणारा 'मधुमती' (१९५८) आला. लांबून बोलावणारी, वाळवंटात अडकलेली बाई गुलजारांच्या 'लेकिन...'मध्ये परत आली तेव्हा संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं होतं आणि आवाज पुन्हा लताबाईंचा. अमरोहींनी तर पुढे स्वतःच्या संस्थेलाच 'महल पिक्चर्स' नाव दिलं, आणि 'पाकिझा'साठी कॅमेऱ्यामागे विर्शिंगच होते. त्याचं काम चालू असतानाच, १९६७मध्ये ते गेले.

एक गोष्ट मात्र 'महल'ने बरोबर सोडून दिली, आणि तिच्याकडे क्वचितच कुणी बोट दाखवतं. आशाच्या कबुलीने आवाज उलगडतो, झोपाळा उलगडतो, होडी उलगडते. तसबीर उलगडत नाही. कितीतरी वर्षांपूर्वी बुडालेल्या माणसाचा चेहरा हरीशंकरसारखा का, याचं उत्तर कुणी देत नाही आणि कोर्टही विचारत नाही. ही चूक राहून गेली की मुद्दाम ठेवली, याने फरक पडत नाही. भुताचा जेवढा अंश उरायला हवा तेवढा तिथे उरला आहे.

पाहणार असाल तर काही सोयीच्या गोष्टी. चित्राचा आकार चौकोनाकडे झुकणारा, १.३७ला १ असा आहे. टीव्हीवर ताणून पूर्ण पडदा भरू नका. विर्शिंगची बाजूची काळी कड म्हणजे खांब असतो, तो जाड झाला की मांडणी बिघडते. टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. खोलीतला दिवा मालवा, पण टीव्हीची ब्राइटनेस वाढवू नका. नेटवरच्या बहुतेक प्रतींत काळा रंग आधीच उडून करडा झालेला असतो, ब्राइटनेस वाढवली की उरलेलाही जातो. उलट ती थोडी उतरवून कॉन्ट्रास्ट किंचित चढवला तर कमानी परत काळ्या होतात. रंगीत केलेली आवृत्ती कुठे दिसली तर पुढे जा.

आणि वेळ कमी असेल तर सुरुवातीपासून होडीपर्यंत सलग पाहा, मग थेट रंजनाच्या पोलिसांपुढच्या जबाबावर या, आणि कोर्टात आशा चेहऱ्यावरचा पदर दूर करते तो क्षण पाहून बंद करा. तिचं बोलणं ऐकायची गरज नाही.